कोरी टाकी

"नेम्या, आधी खाली बादली ठेव," गाडीच्या दारातून आप्पासो म्हणाला.

"कशाला? टाकी कोरी आहे की," गाडीखाली आडवा झालेला नेमिनाथ हसला.

जुनी मिनीबस घेऊन दोघा मित्रांनी तिचं चालतंफिरतं घर केलं होतं. गादी, शेगडी, इवलासा संडास, सगळं स्वतःच्या हातानं बसवलेलं. पहिली सफर समुद्राची, आणि तीही दोघांनी मिळूनच, असं ठरलं होतं. मध्येच नेमिनाथच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. "तू बरा होईपर्यंत गाडी दारातून हलणार नाही," असा शब्द आप्पासोनं दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून दिला होता.

आता गुडघा वाकत होता आणि उद्या निघायचं होतं. फक्त संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह अडकला होता. दांडा ओढला तरी हलेना. वापराविना आखडला असेल, म्हणून नेमिनाथनं बोल्ट सोडले आणि व्हॉल्व्ह हिसका देऊन बाहेर काढला.

अख्खी टाकी त्याच्या अंगावर रिकामी झाली.

तोंड घट्ट मिटून तो तसाच पडून राहिला. डोळे पुसून त्यानं हातातला व्हॉल्व्ह पाहिला. खाचेत वाळू गच्च बसली होती. ओली, शिंपल्यांचा चुरा मिसळलेली.

आप्पासो खाली वाकला. त्याला नजरेला नजर देता येईना.

"म्हणत होतो ना मी," तो पुटपुटला, "बादली ठेव म्हणून."