वेशीवरचा हॉर्न

वडील गेल्यापासून दहा वर्षं कोंबड्यांनी बळकावलेली त्यांची अ‍ॅम्बॅसॅडर खुशाल लेकीला, शीतलला, हाताशी घेऊन दुरुस्त करत होता. बायकोच्या तोंडाचा पट्टा मात्र थांबत नव्हता. “कापूस वेचाचा सोडून काऊन भंगार उकरून राह्यले तुमी? कोंबड्यायले तरी राहू द्या त्यात!” आज शीतलनं नवी बॅटरी जोडून हॉर्न दोनदा दाबला. तोच घोगरा आवाज! इचोड्याच्या बाजारातून परतताना वडील वेशीपासूनच असा दोनदा वाजवायचे, म्हणजे सुनेनं त्यांचा बिनसाखरेचा चहा ठेवायचा. खुशालला गलबलून आलं. आता बायको भांडायला येणार म्हणून तो बॉनेटआड वाकला. थोड्या वेळानं ती आलीही. पण डोक्यावर पदर, नजर खाली, हातात कपबशी. गाडीत लेकीला पाहताच ती भानावर आली. “घ्या, थंडा होईन!” ती नवऱ्यावर खेकसली. खुशालनं घोट घेतला. चहात साखर नव्हती.