कानाची पाळी

"सर, ही नको. चेहरा टीव्हीचा नाही," कानातल्या इअरफोनमधून दिग्दर्शक म्हणाला. परीक्षक श्रीरंग केरकरांनी मान डोलावली. मुलगी सुरेख गायली होती, पण कानातल्या या आवाजाचा शब्द त्यांनी आजवर खाली पडू दिला नव्हता.

नकाराआधी दोन गोड शब्द म्हणून त्यांनी विचारलं, "शिकतेस कुणाकडे?"

मुलीने कानाच्या पाळीला हात लावला. "शेवंताबाई नार्वेकरांकडे. त्यांना आता दिसत नाही, पण हा कार्यक्रम कान देऊन ऐकतात."

गुरूचं नाव घेताना कानाला हात लावायचा, हे केरकरांना शेवंताबाईंनीच शिकवलं होतं. त्यांच्याकडे तेरा वर्षं काढली आणि नाव झाल्यावर मुलाखतींमधून सांगत राहिले, की माझा मीच शिकलो.

आत्ता मात्र हात आपसूक कानाकडे गेला आणि बोटं इअरफोनला अडली.

"सर, आवाज येत नाही का?" दिग्दर्शकाने विचारलं.

"येतोय," म्हणत त्यांनी इअरफोन काढून टेबलावर ठेवला. मग मोकळ्या कानाची पाळी धरली आणि कॅमेऱ्याकडे वळले.

"बाई, मी श्रीरंग. तुमच्याकडेच शिकलो. हिला पुढे घेतोय."