मागच्या दाराची पायरी

तारिहाळच्या कारखान्यांत राबणाऱ्या आणि घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी पाळणाघरं हवीत, म्हणून आमदार सुकन्या अधिवेशनात बोलणार होती. सभागृहात कानडीत बोलायचं असलं, तरी भाषण आधी आईला मराठीत ऐकवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. उणकलच्या नव्या घरात, पंख्याखाली बसून तिनं सुरुवात केली.

“माझी आई लक्कव्वा देशपांडे नगरात एका डॉक्टरांकडं भांडी घासायची. मी त्यांच्या मागच्या दाराच्या पायरीवर बसून पाढे पाठ करायची. पायरी तापली की आई फडकं ओलं करून खाली घालून द्यायची. माणसं भली होती, पण ‘आत ये’ असं मला कुणी कधी म्हटलं नाही.”

पुढचं पान उलटायला ती थांबली, तेव्हा स्वयंपाकघराच्या पलीकडून, मागच्या दाराबाहेरून एक बारीक आवाज ऐकू आला. कुणीतरी कानडीत पाढे म्हणत होतं.

“कोण गं ते?”

“आपल्याकडं भांडी घासते त्या राणीची पोरगी. शाळेला सुट्टी लागल्यापासून रोज येते आईबरोबर कामाला.”

“मग बाहेर कशाला बसलीय उन्हात?”

लक्कव्वानं नळाखाली फडकं ओलं केलं, पिळलं आणि मागच्या दाराकडं निघाली.

“बसू दे की. उद्या आमदार झाली, तर भाषणात सांगायला तिलाही काहीतरी नको का?”