माहेरचं नाव

"अर्ज नामंजूर झालाय," अनिता वकील म्हणाल्या आणि कागद टेबलावर ठेवून त्यांनी चष्मा काढला. "पण घाबरायचं काही कारण नाही."

घाबरायचं कारण नाही म्हटलं की माणूस हमखास घाबरतो. शिरूरच्या एसटी स्टँडामागच्या वकीलबाईंच्या खोलीखाली रसवंतीचं घुंगरू वाजत होतं, पण दिलमायाच्या कानात 'नामंजूर' हा एकच शब्द घुमत होता. शेजारच्या खुर्चीत तिची सासू बयाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. खुर्चीत पाय वर घ्यावेत की नकोत, एवढाच तिला आतापर्यंत प्रश्न पडलेला. आता ती ताठ झाली.

"म्हंजी हिला नेपाळला धाडत्यात का काय आता?"

"नाही हो आजी. नेपाळच्या माणसाला इथं राहायला कुणी अडवत नाही. फक्त नागरिकत्व मिळालं नाही, आणि तेही पुन्हा मागता येतं. अर्ज फेटाळलाय, तुमच्या सुनेला नाही फेटाळलं."

दिलमाया लग्न होऊन केंदूरला आली त्याला बरीच वर्षं झाली होती. ती आपल्यापेक्षा पातळ भाकरी थापते, हे बयाबाई स्वतः चारचौघींत सांगायची. आता सासूनं हे कबूल केल्यावर नागरिकत्वाला आणखी काय लागतं? पण मतदानाच्या दिवशी सगळं घर ठेवणीतले कपडे घालून शाळेत जायचं आणि दिलमाया शेरडं राखत मागं थांबायची. सगळी शाईची बोटं मिरवत परतली की तिला आपलं बोट उगाच लपवावंसं वाटायचं. तिला ती शाई हवी होती. बाकी या घरानं तिला काही कमी केलं नव्हतं.

"चुकलं काय पण, मॅडम?" तिनं विचारलं.

"नाव. तुमच्या नेपाळच्या कागदांवर दिलमाया आहे आणि लग्नाच्या दाखल्यावर सुषमा. सरकारला कसं कळावं, दोघी एकच आहेत म्हणून?"

सुषमा हे नाव बयाबाईनं हौसेनं शोधलेलं. लग्नात तिच्या लेकानं, बिरदेवनं, तांदळाच्या ताटात अंगठीनं ते लिहिलं. पुढं दाखला काढायला गेल्यावर नवरीचं नाव विचारलं, तेव्हा बिरदेवनं तोंड उघडायच्या आत बयाबाईनंच ठणकावून सांगितलं होतं, सुषमा. सून आपली, नाव आपण ठेवलेलं, मग दुसरं कुठलं सांगणार? गावातल्या कुठल्याही सासूनं हेच सांगितलं असतं.

"आता दोन वाटा आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "एक तर नेपाळला जाऊन तिकडच्या सगळ्या कागदांवर सुषमा करून आणायचं. त्यात हेलपाटे फार, आणि होईलच असं नाही. दुसरी सोपी. इथल्या दाखल्यावर दिलमाया करून घ्यायचं आणि नव्यानं अर्ज करायचा. मंजूर होईलच असं छातीठोक सांगत नाही, पण निदान या कारणानं तरी परत येणार नाही. मात्र घरच्या मोठ्या माणसानं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, लग्नात ठेवलेलं नाव आम्ही मागं घेतो म्हणून."

सासूनं ठेवलेलं नाव सासूलाच मागं घ्यायला लावायचं, म्हणजे मानाचं लुगडं तिच्या अंगावर परत फेकणं. त्यापेक्षा नेपाळचे हेलपाटे परवडले.

"आत्या, मी जाते नेपाळला," दिलमाया घाईघाईनं म्हणाली. "सुषमाच ऱ्हाऊ द्या. आवडतंय मला."

बयाबाईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "तुझी आय फोनवर काय म्हणती तुला?"

"दिलमाया."

"मंग! तिनं कळा सोसून ठेवलंय ते. आमी नुसतं तांदळात लिवलं." आणि वकीलबाईंकडं वळून ती म्हणाली, "लिवा बाई तुमी. आंगठा कुटं उठवायचा तेवढं दावा."

वकीलबाई लिहू लागल्या. एवढं मोठं काम सासूनं बाजारातून मिरच्या घ्याव्यात तितक्या सहज उरकलं होतं. टेबलाखाली दिलमायानं तिचा हात धरला. बयाबाईनं तो सोडवून घेतला नाही, उजवा हात तिच्याकडंच ठेवून डाव्या हाताचा अंगठा पुढं केला.

केंदूरची गाडी अजून लागायची होती. दोघी स्टँडवरच्या बाकावर टेकल्या.

"आत्या, बयाबाई हे नाव बी सासूनंच ठेवल्यालं का?"

"न्हाईतर कोण ठेवणार?"

"मग तुमच्या आईनं काय ठेवलं होतं?"

पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बयाबाई समोरच्या गर्दीकडं बघत राहिली.

"गजरा," ती म्हणाली आणि या वयात लाजली. "त्या नावानं हाक मारणारं कुनी ऱ्हायलं न्हाई आता. थोरला भाऊ हुता, त्यो बी गेला."

गाडी फलाटाला लागली. माणसं दाराकडं धावली. बयाबाई जागची हलली नाही.

"एकदा मार की हाक," ती खाली बघत म्हणाली.

सुनेनं सासूला नावानं हाक मारल्याचं केंदुरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. दिलमायानं इकडंतिकडं पाहिलं आणि अगदी हळू हाक मारली, "गजरा..."

"ओ!" बयाबाई इतक्या मोठ्यानं म्हणाली की दारातल्या कंडक्टरनं वळून पाहिलं.