पन्नास जागांची बोट

"या जीवरक्षक बोटीत पन्नास जणांची सोय आहे, मॅडम. फाईलमध्ये लिहिलंय. सही करा, हेलिकॉप्टर खोळंबलंय," रिगप्रमुख डिमेलो म्हणाले.

मृदुला खानविलकर भर समुद्रातल्या त्या तेलाच्या रिगवर सुरक्षा तपासायला आली होती. तिच्या सहीशिवाय उद्या खोदाई सुरू होणार नव्हती. रिगवर माणसंही पन्नासच. आग लागून दुसऱ्या बाजूची बोट हाती लागली नाही, तर सगळ्यांची भिस्त याच बोटीवर. तिने पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

"सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून आत बसवा."

डिमेलो वैतागले, पण त्यांनी भोंगा वाजवला. माणसं भराभर आत शिरली. जाडजूड जॅकेटांमुळे खांदे घासू लागले, गुडघे अडकले. चव्वेचाळिसावा माणूस कसाबसा कोंबला, आणि मग दारच लागेना.

बाहेर सहा जण उरले. त्यांत म्हातारा आचारी होता, आणि सगळ्यांना पुढे घालून मागे थांबलेले डिमेलोही. ही नुसती कवायत होती, तरी आतलं कुणीच बाहेरच्यांकडे बघेना.

डिमेलोंनी कोरड्या आवाजात वायरलेसवर किनाऱ्याला कळवलं, "उद्याची खोदाई रद्द. आधी आणखी एक बोट पाठवा."

मृदुलाने पेन खिशात ठेवलं. माणसं उतरू लागली. एक धिप्पाड ड्रिलर आचाऱ्यासमोर येऊन मान खाली घालून उभा राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "मी तुम्हाला ढकलून आत गेलो."