माव आजीची केळी

"नव्या रस्त्याने जायचं, दादा. जुन्या नाही," गाडीत बसताना मोलिकाने तिसऱ्यांदा बजावलं.

"पाठ झालं, ताई." ड्रायव्हरने डिकी आपटली.

तिने चारही टायर अंगठ्याने दाबून पाहिले होते. पट्टे ओढून पाहिले होते. लायसन्सचा फोटो काढून बहिणीला पाठवला होता. फोनमधली यादी उघडून सतरा प्रश्न विचारले होते. अकराव्या प्रश्नाला तो म्हणाला होता, "गाडी भाड्याने घेताय की विकत?"

सासूबाई पुढे बसल्या. मागे बसलं की त्यांना मळमळतं. मांडीवर केळ्यांची मोठी फणी, पहाटे बाजारातून आणलेली.

"आणि माव आजी?" त्यांनी विचारलं.

नोम पेन्हहून समुद्राकडे निघालेला माणूस घाटात, वाटसरूंची राखण करणाऱ्या माव आजीच्या देवळाशी उतरतो, केळी ठेवतो, उदबत्ती लावतो आणि मगच पुढे जातो. सासूबाई लग्न होऊन निघाल्या तेव्हाही उतरल्या होत्या.

"नव्या रस्त्याला टोलनाके लागतात, आजी," ड्रायव्हर म्हणाला. "देव नाही लागत."

"म्हणजे तिला तोंड न दाखवता लेकराला समुद्रावर न्यायचं?"

 तीन आठवडे मोलिका एकच सांगत होती: नवा रस्ता. रेल्वेला सात तास, वर रुळांवर म्हशी. व्हॅनमध्ये दारापर्यंत कोंबलेली माणसं. जुन्या रस्त्याला घाट, आंधळी वळणं आणि बंदराकडे धावणारे कंटेनर. लिडाला पाजता पाजता एका हाताने तिने सगळं शोधलं होतं. लिडा चार महिन्यांची. मनगटात लाल दोरा. कांपोंग सोमच्या बंदरात कामाला असलेल्या बापाने तिला अजून फोनच्या काचेतच पाहिलं होतं. आज ती त्याच्या हातात धडधाकट द्यायची होती. बाकी कशाशी मोलिकाला घेणं नव्हतं.

रस्ता खरंच चांगला होता. सरळ, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना कुंपण. ना म्हैस, ना वळण. लिडा झोपली. कितीतरी दिवसांनी मोलिकाचे खांदे खाली आले.

मग उजव्या चाकाखालून घरघर आली. गाडी कडेच्या रेघेवर चढली होती. आरशात ड्रायव्हरच्या पापण्या हळूहळू उतरत होत्या.

"दादा!"

"जागा आहे, जागा आहे." त्याने गाडी सावरली.

"झोपला कधी होतात?"

"काल..." तो थांबला. "नाही, परवा. सणाची गर्दी ना, ताई. हा चौथा फेरा. घाटात झोपायची बिशाद नसते कोणाची. हा रस्ता म्हणजे पाळणा आहे नुसता."

सतरा प्रश्न. त्यात हा नव्हता.

"थांबवा गाडी."

"इथे उभं राहता येत नाही. गाड्यांचा थांबा मागे गेला. पुढचा वीस-पंचवीस किलोमीटरवर."

मोलिकाने लिडाला छातीशी इतकं आवळलं की ती झोपेत कण्हली. वीस-पंचवीस किलोमीटर. तिच्या यादीत यावर काही नव्हतं.

पुढे खटकन आवाज झाला. सासूबाईंनी फणीतलं एक केळं तोडलं होतं. त्यांनी ते कपाळाला लावलं, "रागावू नको गं बाई," असं पुटपुटल्या आणि सोलून ड्रायव्हरच्या नाकाखाली धरलं.

"खा."

"आजी, देवाचं आहे ते..."

"खा म्हणते ना. तोंड चालतं तोवर डोळा लागत नाही. नाव काय तुझं?"

"वुथी." तोंडात केळं होतं.

"बायको आहे?"

"आहे."

"सासू?"

"तिचं नाव काढलंत आणि झोपच उडाली बघा."

"मग तिच्याबद्दलच बोल."

वुथी बोलू लागला. सासू त्याच्या ताटात माशाचं शेपूटच कसं वाढते, जावई आला की तिचे गुडघे कसे दुखू लागतात. तो जरा थांबला की सासूबाई पुढचं केळं सोलत. "आणि मग?" पाचव्याला तो म्हणाला, "आजी, पोट फुटेल." त्या म्हणाल्या, "फुटू दे. डोकं नको फुटायला." मागे मोलिका डोळे न मिटता कडेच्या रेघेकडे बघत राहिली. सालींचा ढीग सासूबाईंच्या पायाशी वाढत गेला.

थांबा आला. गाडी बंद होताच सासूबाईंनी किल्ली काढून गळ्यातल्या चौकड्यांच्या पंच्याच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"तासभर झोप. त्याआधी उठलास तर किल्ली मिळणार नाही."

वुथी ते ऐकायला जागा नव्हता. स्टिअरिंगवर डोकं, तोंड उघडं.

दोघी पत्र्याच्या सावलीत बाकावर बसल्या. उत्तरेला घाटाचे डोंगर धुरकट दिसत होते. सासूबाईंनी हात पुढे केले आणि मोलिकाने, कोण जाणे कसं, लिडाला त्यांच्याकडे दिलं. फणीच्या देठाला एकच केळं उरलं होतं.

"हे तरी माव आजीला ठेवू या, आई," मोलिका म्हणाली. "इथून डोंगर दिसतोय."

"तिची तिला पोचली." सासूबाईंनी ते केळं तोडून तिच्या हातात दिलं. "हे तुझं. तू कधी झोपली होतीस?"

मोलिका आठवू लागली.