मायूमीसाठी फोन

"लिगाया, धावत ये! टीव्हीवर तुझी लेक मायूमी दिसतेय!" इलोइलोच्या कोळीवाड्यात शेजारच्या नेनानं हाक मारली.

गरीब मुलांसाठी मदत मागायला मनिलातले सगळे नट-नट्या टीव्हीच्या कार्यक्रमात लोकांचे फोन घ्यायला बसले होते. पडद्यावर मायूमी इस्पितळाच्या खाटेवर बसून गात होती. चित्रीकरण मागच्या वर्षीचं होतं.

"ही चिमुरडी अजून ऑपरेशनची वाट बघतेय," निवेदिका डोळे पुसत म्हणाली. "फोन करा!"

मायूमीला पुरून चार महिने झाले होते.

नेनाच्या मोबाइलवरून लिगायानं फोन लावला. एका लाडक्या नटानंच तो उचलला. "बोला ताई, किती देताय?"

 

"द्यायला काही नाही रे बाबा. तेवढं गाणं पुन्हा लावाल? तिचा आवाज माझ्याकडे कुठंच नाही."